बाग पाहावी ती कार्तिकांत

आपल्या शाळेच्या मागल्या बाजूस, ओढ्याच्या कांठीं, जी दहा-बारा गुंठे जागा पडीक आहे तींत बाग करावी, असा विचार यंदा पुढें आला आहे. विचार उत्तम आहे. त्यासाठीं जो आराखडा तयार झाला आहे त्यांत मध्यें हिरवळीचा चौक, भोंवतीं क्रोटनच्या रांगा, पलीकडे गुलाबाचे ताटवे आणि दारापाशीं दोन शोभेचे ताड दाखविले आहेत. आराखडा काढणाऱ्यांचा हेतु निर्मळ आहे आणि त्यांनीं मेहनतहि पुष्कळ घेतली आहे. परंतु असली बाग महाड-पोलादपुराकडील शाळेस शोभत नाहीं व विद्यार्थ्यांस तिचा उपयोगहि फारसा नाहीं, असें माझें स्पष्ट मत आहे. शाळेस बाग हवी ती वनस्पतिशास्त्राची. आणि ती साधली कीं नाहीं याची परीक्षा घ्यावयाची ती श्रावणांत नव्हे, तर दिवाळी उलटल्यावर, कार्तिकाच्या अखेरीस.

शोभेच्या बागेंत झाड हा रंगाचा एक ठिपका असतो. वनस्पतिबागेंत प्रत्येक झाडास नांव असतें, तें कोठून आणलें याची नोंद असते, आणि तें केव्हां फुललें व केव्हां फळलें याचें टिपण ठेविलेलें असतें. हा भेद आपल्याकडे नवा नाहीं. पुण्याजवळ दापोडी येथें सन १८२८ मध्यें, सर जॉन माल्कम गव्हर्नर असतां, अशी एक सरकारी बाग सुरू झाली. पुढें अलेक्झांडर गिब्सन नांवाचा स्कॉटिश शस्त्रवैद्य तिचा अधीक्षक झाला. सन १८४७ मध्यें तोच मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक नेमला गेला. जंगल तुटलें म्हणजे झरे आटतात, हें त्यानें सरकारास लिहून कळविलें होतें. त्यानें बागेंतील वनस्पतींचीं चित्रें एका येथल्याच चित्रकाराकडून काढविलीं, तीं आज एडिंबरो येथील वनस्पतिबागेच्या संग्रहीं जपून ठेविलेलीं आहेत. झाडांचीं नांवें टिपलीं गेलीं, चित्रकाराचें मात्र राहून गेलें! मुंबईस राणीच्या बागेंत आपल्या सहली जातात, तेव्हां तेथील जुन्या वृक्षांवरहि नांवांच्या पाट्या आहेत. मुलें पेंग्विन पाहून येतात. पाट्या वाचून आलेला विद्यार्थी मला अद्याप भेटावयाचा आहे.

आतां कार्तिकाचाच आग्रह कां, तें सांगतों. श्रावण-भाद्रपदांत आमचे डोंगर हिरवेगार असतात, धबधबे कोसळत असतात, आणि पाहुणे मंडळी तेव्हांच गर्दी करितात. परंतु शिकणाऱ्यास त्या हिरवेपणाचा लाभ थोडा. सर्वच हिरवें असतां एकापासून दुसरें ओळखावें कसें? पाऊस ओसरला, पहांटे दंव पडूं लागलें, म्हणजे तो एकसारखा पडदा विरतो आणि प्रत्येक झाड आपआपल्या जागीं वेगळें उभें राहतें. कोणी फळानें, कोणी वाळल्या शेंगेनें, कोणी वासानें, कोणी पानाच्या तांबूसपणानें. आमचीं मुलें इंग्रजी निबंधांत ‘ऑटम’ वर लिहितांना पानगळीचें वर्णन करितात, कारण पुस्तकांत तसें असतें. कोंकणांतील बहुतेक झाडें पानें टाकितात तीं माघ-फाल्गुनांत. जें खिडकींतून दिसत नाहीं तें वहींत लिहावयाचें, आणि जें दिसतें त्यास नांव नाहीं, अशी ही स्थिति आहे.

पोलादपुराहून आंबेनळी घाटानें महाबळेश्वराकडे, किंवा महाडाहून वरंधा घाटानें भोराकडे या दिवसांत जावें. उतारांवर मध्येंच एखादें झाड गंजलेल्या लोखंडाच्या रंगाचें, एखादें भाजलेल्या विटेच्या रंगाचें दिसतें. अपरिचित मनुष्य म्हणेल, मोहोर आला असेल, अथवा पानें पिकलीं असतील. दोन्ही खरें नव्हे. तो किंजळ होय, आणि तो रंग त्याच्या फळांचा आहे. फळ अगदीं लहान. त्यास तीन पंख, एक मोठा व दोन बारीक. असलीं हजारों फळें फांद्यांच्या टोकांस घोसांनीं लागतात आणि वाऱ्यावर उडून जाण्यापूर्वीं झाडाचा सारा माथा झांकून टाकितात. किंजळ म्हणजे आमच्या घरांच्या वाशांचें लांकूड आणि राबासाठीं तोडावयाचे टाळ. रोजच्या व्यवहारांतला, म्हणून दुर्लक्षिलेला. जपानांतील चेरीचा बहर पाहण्यास लोक केवढा खर्च करून जातात! त्यांस मी नांवें ठेवीत नाहीं. परंतु किंजळाचा हा रंग पाहण्यास एस्.टी.च्या तिकिटाचे पैसे पुरतात, आणि तो पाहून आलों असें सांगणारा मनुष्य मात्र विरळा.

दुसरा वृक्ष सातवीण. फांदीभोंवतीं चक्राकार बसलेलीं पांच-सात पानें, मोडल्यास पांढरा चीक, आणि या दिवसांत तिन्हीसांजेस हिरवट पांढऱ्या फुलांचा असा दरवळ, कीं एकास तो सुगंध वाटावा आणि दुसऱ्याचें डोकें उठावें. लिनियसनें हिच्या नांवांत ‘स्कोलारिस’ म्हणजे शाळेची असा शब्द घातला. कारण हिच्या हलक्या लांकडाच्या फळ्या मुलांस लिहावयास देत असत. ‘अल्स्टोनिया’ हें वंशाचें नांव पुढें चार्ल्स अल्स्टन या एडिंबरोच्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकावरून पडलें. शांतिनिकेतनांत पदवीदानाच्या वेळीं विद्यार्थ्याच्या हातीं याच वृक्षाचें पान देण्याची प्रथा पडली. असें हें शब्दशः शाळेचें झाड, आमच्याच रानांत उगवणारें, आणि तें आमच्या आराखड्यांत नाहीं. क्रोटन मात्र आहे.

तिसरा वृक्ष कुंभा, आणि याविषयीं मिशन शाळेच्या अंकांत थोडें विस्तारानें लिहिल्यास संपादक क्षमा करितील. कुंभ्याचें पान थंडी पडूं लागली म्हणजे कडेपासून तांबडें होऊं लागतें. त्याची साल तंतुमय असून फार जुन्या काळीं तोड्याच्या बंदुकींसाठीं तिची वात करीत. म्हणजे रायगडाच्या या मुलुखांत या झाडाची ओळख शिपायासहि असावी. याचें शास्त्रीय नांव ‘केरिया आर्बोरिया’. रॉक्सबर्ग या वनस्पतिशास्त्रज्ञानें तें आपल्या एका मित्रावरून ठेविलें, आणि तो मित्र म्हणजे विल्यम केरी. केरी मूळचा चांभारकाम करणारा. सन १७९३ मध्यें तो मिशनरी म्हणून बंगाल्यांत आला. श्रीरामपुरास त्यानें छापखाना चालविला, तेथून सन १८०५ मध्यें मराठी भाषेचें व्याकरण आणि सन १८१० मध्यें मराठी कोश प्रसिद्ध केला, हें आपल्या विद्यार्थ्यांस भाषेच्या इतिहासांत वाचावयास मिळतें. परंतु त्याच श्रीरामपुरास त्यानें स्वतःच्या हातांनीं वनस्पतिबागहि केली होती, रॉक्सबर्गच्या मृत्यूनंतर त्याचा ‘फ्लोरा इंडिका’ हा ग्रंथ छापून काढिला होता, आणि सन १८२० मध्यें शेती व बागाईतीची संस्था स्थापन केली होती, हें बहुधा सांगितलें जात नाहीं. सन १८२३ च्या पुरानें त्याची बाग वाहून गेली. त्यानें ती पुन्हा लाविली. महाडांत सावित्रीचा पूर काय करतो, हें २२ जुलै २०२१ रोजीं ज्यांनीं पाहिलें त्यांस या एका वाक्याचा अर्थ अधिक फोड करून सांगण्याची गरज नाहीं. ज्यानें आमच्या भाषेचें व्याकरण लिहिलें त्याचें नांव धारण करणारें झाड घाटांत जागोजाग उभें आहे आणि आम्हांस तें ठाऊक नाहीं, याचें मला वाईट वाटतें.

वृक्ष सोडून खालीं पाहिलें तर कार्तिकांत आणखीच मौज आहे. मुरुडशेंगेच्या झुडपावर एकाच फांदीस विटकरी रंगाचें ताजें फूल, तेंच शिळें होऊन निळसर राखी झालेलें, आणि दोरीसारखी पीळ घातलेली शेंग, असें सर्व एकदम सांपडतें. ही शेंग बाळगुटींत उगाळून देत असत, म्हणून घरच्या आजीस ती ओळखीची. नातवास ती दुकानांतल्या पुडींतली वस्तु वाटते. कळलावीचा वेल वाळून जातो. परंतु त्याचें बोंड उकलून आंतील तांबडे दाणे दिसूं लागतात. तिचा कंद विषारी खरा, पण त्यांतील कोल्चिसीन हें द्रव्य वैद्यकांत संधिरोगावर वापरलें जातें. गुंजेच्या शेंगा फुटून लाल-काळे दाणे बाहेर येतात; सोनाराच्या तराजूंतील हें जुनें वजन पोटांत गेल्यास प्राणघातक आहे, हें लहान मुलांस वेळींच सांगितलेलें बरें. आणि कुसळी गवत! खेळून आलेल्या मुलाच्या मोज्यांत तें रुतलेलें नाहीं असा दिवस नाहीं. त्या कुसळास एक शेपूट असतें. तें कोरडेपणीं पिळतें आणि ओल लागतांच उलगडतें. दिवसाचें ऊन आणि रात्रीचें दंव यांच्या पाळीनें तें असें फिरत राहून आपलें बीं जमिनींत रोंवतें. एक कुसळ ओल्या बोटावर ठेवावें म्हणजे तें डोळ्यांदेखत फिरूं लागतें. हा प्रयोग करण्यास प्रयोगशाळेचें कपाट उघडावें लागत नाहीं.

आतां विरुद्ध पक्ष काय म्हणेल तें मला ठाऊक आहे. वाळलेल्या शेंगा, सुकलेलीं बोंडें, रापलेलें गवत ही का बाग? पाहुणे काय म्हणतील? आपल्या शाळेंतच नव्हे, सर्वत्र हीच रीत आहे, कीं दिवाळीची सुटी संपली, खेळांचे सामने जवळ आले, म्हणजे कोयता घेऊन आवार साफ करावयाचें आणि कचऱ्याचा ढीग पेटवून द्यावयाचा. जें कांहीं चार महिने वाढून बीं धरण्याच्या बेतांत असतें तें नेमक्या त्याच आठवड्यांत जातें. पुढल्या वर्षीं तेथें काय उगवतें? रानमोडी. ही अमेरिकेहून आलेली वनस्पति, तिचें बीं वाऱ्यावर येतें, आणि जागा मोकळी सांपडली कीं ती दुसऱ्यास उभें राहूं देत नाहीं. म्हणजे आम्ही दरसाल मेहनत करून, मजुरी देऊन, रानमोडीची पेरणी करितों.

डोंगरावर हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर घडते. मार्गशीर्षापासून वणवे सुरू होतात. गवत चांगलें येतें या समजुतीनें कोणी लावितो, कोणी विडी टाकितो, कोणी उगीच. कारवीचेंच पाहा. सात-आठ वर्षांनीं ती एकदां फुलते, सारा उतार जांभळा करते आणि मग मरते. तिचीं बोंडें वाळून उन्हाळ्यांत तडतडत फुटेपर्यंत पुढील पिढीचें बीं तेथेंच अडकून असतें. मध्यें आग लागली तर सात वर्षांची ठेव एका रात्रींत बुडते. तिच्याच काठ्यांच्या कुडांच्या भिंतींआड आमच्यापैकीं अनेकांचे आजे-पणजे वाढले. वणवा विझविण्यास आम्ही शिक्षक डोंगरावर धांवूं शकूं असें नाहीं. परंतु वाळलेलें म्हणजे मेलेलें नव्हे, एवढें दहा गुंठ्यांत दाखवितां आलें तर मुलगा घरीं जाऊन तें सांगेल. सांगणारीं मुलें आमच्यापाशीं वाडीवाडींतून येतात.

मी परदेशी झाडांचा वैरी आहे, असें मात्र कोणी समजूं नये. दसऱ्या-दिवाळीस ज्याच्यावांचून तोरण होत नाहीं तो झेंडू मूळचा मेक्सिकोचा. आमच्या उपासनामंदिराच्या दारांतील लालपत्तीहि तेथलीच. नाताळाच्या सुमारास ती तांबडी होते म्हणून आम्हांस प्रिय. तिचीं जीं तांबडीं फुलें म्हणतात तीं पानें आहेत. फूल मध्यें बारीक, पिवळें. ती याच ऋतूंत कां रंगते, याचा उलगडा सन १९२० मध्यें अमेरिकेंत गार्नर व अलार्ड यांच्या शोधानें झाला. त्यांनीं तंबाखूच्या झाडावर प्रयोग करून दाखविलें, कीं कित्येक वनस्पति ऋतु ओळखतात तो थंडीवरून नव्हे, तर दिवसरात्रीच्या लांबीवरून. रात्र पुरेशी लांब व अखंड काळोखाची झाली म्हणजे लालपत्ती रंगते, शेवंतीहि फुलते. रस्त्यावरील विजेचा दिवा रात्रभर अंगावर पडत असेल तर ती हिरवीच राहते. आपल्या फाटकाजवळील झुडूप दिव्याच्या बाजूस हिरवें व भिंतीच्या बाजूस तांबडें कां, याचा शोध आठवीच्या मुलींनीं केला, तो मला एखाद्या बक्षिसाहून मोठा वाटला. तेव्हां लालपत्ती राहूं द्यावी. तिच्याखालीं हें लिहावें. रानमोडीचेंहि एक झुडूप पाटीसह ठेवून, बीं धरण्यापूर्वीं मुलांकडूनच उपटवावें. वैरी नांवानें ठाऊक असावा.

परंतु माझ्या आग्रहाचें खरें कारण निराळें आहे. आपल्या वसतिगृहांत कांहीं वर्षांपूर्वीं एक कातकरी विद्यार्थी होता. जास्वंदीच्या फुलाचे भाग त्यास परीक्षेंत लिहितां आले नाहींत आणि विज्ञानांत तो नापास झाला. त्याच महिन्यांत आम्ही ओढ्याच्या कांठानें फिरावयास गेलों असतां त्यानें मला करांद्याचा वाळलेला वेल दाखविला. दिवाळीनंतर वेल पिवळा पडतो, मग सुकतो. सुकला कीं कंद तयार झाला असें समजावयाचें आणि वेलाच्या बुडाशीं खणावयाचें. कोणता कडू, कोणता किती वेळां उकडावयाचा, हें सर्व तो सांगत होता. म्हणाला, “गुरुजी, वेल कापलात तर कंद कुठं हाय ते कळायचं कसं?” आमच्या साफसफाईवर याहून नेमकी टीका मीं कोठें वाचलेली नाहीं. ज्यास रान वाचतां येतें त्यास आम्ही अडाणी ठरविलें, कारण आमच्या पेपरांत जास्वंद होती आणि त्याच्या डोंगरावर ती नव्हती. शलमोन राजाच्या ज्ञानांत लबानोनाच्या गंधसरूबरोबर भिंतींत उगवणाऱ्या एजोबालाहि स्थान होतें. आमच्या ज्ञानांत करांद्याला असूं नये काय? पवित्र शास्त्रांत आदामानें नांवें ठेविलीं तीं पशुपक्ष्यांस. झाडांचें काम लेकरांसाठीं शिल्लक राहिलें असावें.

आणि हीं नांवें कायमचीं राहतील असा भरंवसा नाहीं. २२ जुलै २०२१ रोजीं आपल्याच तालुक्यांत तळिये येथें डोंगराचा कडा घरांवर आला आणि ऐंशींहून अधिक माणसें गेलीं. त्याच वेळीं पोलादपुर तालुक्यांत केवनाळे व साखर सुतारवाडी येथेंहि दरडी कोसळल्या. गेलेल्या माणसांचा हिशेब लिहिला गेला. परंतु अशा वाडींतील एक म्हातारी जाते तेव्हां तिच्याबरोबर कोणत्या झऱ्यावर कोणतें झाड, कोणत्या सालीचा काढा, कोणत्या महिन्यांत कोणती भाजी, हेंहि जातें. त्याचा पंचनामा होत नाहीं. मागें राहिलेलीं कुटुंबें सपाटीवर नव्या घरांत राहावयास जातात तेव्हां मुलांच्या डोळ्यांपुढून तें रानहि जातें. हमरस्ता रुंद झाला तेव्हां महाड-पोलादपुराकडील कितीएक जुनीं झाडें गेलीं. त्यांच्या सांवलींत उभें राहून एस्.टी.ची वाट पाहिलेल्या आमच्या वयाच्या माणसांस तीं आठवतात, पण कोणतें झाड कोठें होतें हें लिहिलेला कागद कोणापाशीं आहे?

म्हणून माझी सूचना अशी. हिरवळीचा चौक करूं नये. त्यास उन्हाळ्यांत जें पाणी लागेल तें ओढ्यांत नसतें. ओढ्याच्या बाजूस एक किंजळ, एक सातवीण व एक कुंभा लावावा, आणि तीनहि रोपें विद्यार्थ्यांच्या गांवाकडूनच यावीं. बियांपासून रोपें करण्याचें काम पांचवी-सहावीच्या मुलांकडे द्यावें. उरलेल्या जागेंत जें आपोआप उगवेल त्यांतील काय राखावयाचें हें वाड्यांवरून येणाऱ्या मुलांस विचारून ठरवावें. शिक्षकांनीं त्या दिवशीं वही घेऊन बसावें. पाटीवर पहिलें नांव गांवचें, त्याखालीं शास्त्रीय, आणि त्याखालीं तें सांगणाऱ्या मुलाचें अथवा त्याच्या आजीचें. दापोडीच्या चित्रकाराचें झालें तसें आमच्याकडून होऊं नये. पत्र्याच्या पाट्या गंजतात. कौलाच्या तुकड्यावर रंगानें लिहिलेलें पुष्कळ दिवस टिकतें व पैसेहि लागत नाहींत. गुलाब हवेच असतील तर कचेरीपुढें चार कुंड्या आहेत तेवढ्या पुरेत.

आराखड्याविषयीं निर्णय होण्यास अद्याप कांहीं आठवडे आहेत. तोंवर एवढेंच मागणें आहे, कीं ओढ्याकडील कोपऱ्यांत मुरुडशेंगेचीं तीन झुडपें आहेत, त्यांवर यंदा शेंगा बऱ्या धरल्या आहेत, आणि कुंपणावर कळलावीचीं पांच-सात बोंडें नुकतींच उकलूं लागलीं आहेत. माळीदादांनीं तेवढा कोपरा नाताळाच्या सुटीपर्यंत सोडून द्यावा.